बोथट फाळ कोणाचा?

दिवाळीत काकाजींचा नातू पुण्याहून यवतमाळला आला आणि त्याने आजोबांना एक कोरियन चित्रपट लावून दिला. मूळ नाव 'बांगजाजॉन', जगभर 'द सर्व्हंट' म्हणून ओळखला जाणारा, 2010 सालचा. काकाजी वणी तालुक्यातले. आयुष्यभर कापूस पिकवला, आता आर्णी रोडला मुलाकडे असतात. तरुणपणी ते गावच्या दंडारीत, म्हणजे सोंगं आणि नाचगाण्याच्या लोकनाट्यात, लुगडं नेसून बाईचं काम करायचे. मी त्यांची पुतणी, कॉलेजात मराठी शिकवते. चित्रपट संपला तशी आमची जुंपली, ती सुट्टी संपेपर्यंत. मासिकात छापता येणार नाहीत असे काकाजींचे काही शब्द तेवढे वगळून तो वाद इथे देते आहे.

काकाजी: पोरी, सिनेमा कोरियाचा हाय म्हन्तं तू, पन मले तर तो आपल्याच गावातला वाटला. मालकाच्या पोट्ट्याले वाटते, बाई आपल्यावर भाळली. अन् बाईचं मन रायलं नोकराजवळ! आमच्या दंडारीत तरी दुसरं काय होतं? सावकाराची फजिती, पाटलाची फजिती, पटवाऱ्याची फजिती. गाव पोट धरधरून हासे.

मी: काकाजी, ज्या गोष्टीवर हा चित्रपट उभा आहे ती तिथली पतिव्रतेची गोष्ट आहे. चुनह्यांग ही गिसेंगची मुलगी. गिसेंग म्हणजे सरकारदरबारी नाचगाण्याची सेवा करणारी बाई. हाकिमाचा मुलगा मोंगर्‍योंग तिच्याशी गुपचूप लग्न करतो आणि राजधानीला निघून जातो. नवा हाकिम तिला आपल्याकडे बोलावतो, ती नकार देते, तुरुंगात जाते. शेवटी नवरा राजाचा गुप्त तपासनीस होऊन येतो आणि तिला सोडवतो. पानसोरी नावाच्या गायनप्रकारात ही कथा शेकडो वर्षं गायली जाते. एक गाणारा, एक ढोलवाला, आणि तासन्‌तास चालणारी कथा. याच कथेवर इम ग्वोन-थेक यांनी 2000 साली केलेला चित्रपट कानच्या स्पर्धेत निवडला गेला, आणि तो मान मिळालेला तो पहिला कोरियन चित्रपट. दहा वर्षांनी किम दे-वू या दिग्दर्शकाने तीच कथा उलटी केली. मूळ कथेत बांगजा म्हणजे मालकाच्या मागे चालणारा हरकाम्या, चार विनोद करून बाजूला होणारा. किम दे-वू म्हणाले, आता याच्या बाजूने सांगू.

काकाजी: म्हंजे सोंगाड्याले नायक केला.

मी: अगदी तेच. आणि नामवॉन या चुनह्यांगच्या गावी लोक चिडले. आमच्या सतीची बदनामी केली, चित्रपट थांबवा, अशी मागणी तिथल्या चुनह्यांगप्रेमी मंडळींनी केली.

काकाजी: चिडनारच. ज्याले गोष्टीतून मान भेटते, तो चिडते. पन नोकराची बाजू ऐकाले जे गाव जमते ना, ते चिडत नाई. तुमी शिकेल लोकं चावट म्हनून नाक मुरडता. गरिबाजवळ दुसरं हत्यार काय होतं? कोर्टात जाचं का त्यानं? सावकारावर फिर्याद कराची?

इथे काकाजींनी त्यांच्या दंडारीतला सावकाराचा प्रवेश करून दाखवला. वय ऐंशीकडे झुकलेलं, पण कमरेवर हात ठेवून उभे राहिले तेव्हा खोलीत बाई उभी राहिली.

काकाजी: मी पंधरा-सोळा वर्सांचा असन. मायचं लुगडं, पोलक्यात चिंध्या कोंबेल, तोंडाले मुर्दाडशिंग. मारुतीच्या पारापुढं गॅसबत्त्या टांगेल. ढोलकी, चोनका, झांजा. सोंगाड्या सावकार होऊन ये, पोटाले उशी बांधेल, काखेत वही. म्हने, बाई, तुझ्या नवऱ्यानं कर्ज फेडलं नाई, आता तुझं वावर मले नांगरू दे. मी म्हनो, मालक, वावराले ना नाई जी, पन तुमचा फाळ लय बोथट झाला म्हन्ते, तुमच्याच घरची मालकीन सांगत होती. गाव असं हासे का गॅसबत्ती हाले! अन् खरा सावकार समोर सतरंजीवर बसेल. त्यालेबी हासाच लागे. नाई हासला तर गाव म्हनन, याले लागलं.

मी: दुसऱ्या दिवशी व्याज कमी झालं?

काकाजी: नाई. व्याज तेवढंच. पन बाजारात त्याच्या मांगं पोट्टे 'फाळ, फाळ' म्हनत पळत. माझा बाप त्याच्या ओसरीवर खाली मान घालून बसे, त्या सालापासून मान वर करून बसाले लागला. हे कमी हाय का?

हे कमी नाही, असं मलाही मनापासून वाटतं. पण त्या प्रवेशात आणखी एक माणूस होता, त्याच्याबद्दल विचारल्याशिवाय मला राहवेना.

मी: सावकाराची मालकीण त्या रात्री कुठे होती?

काकाजी: मांगं. बायांमंधी.

मी: ती हसली?

काकाजी: (बराच वेळ गप्प) ते मी पायलं नाई.

मी: तुमच्या विनोदाचा नेम सावकारावर होता हे खरं, पण तो नेम धरताना तिच्या तोंडी असं वाक्य घातलं जे ती कधी बोललीच नव्हती. रात्री घरी गेल्यावर सावकाराने राग कोणावर काढला असेल? माझं म्हणणं हेच आहे. लोककथेतला चावटपणा वर बसलेल्याला बोचतो म्हणून आपण त्याला चांगलं म्हणतो. पण तो बोचण्यासाठी वापरायचं टोक बहुतेक वेळा बाईचं शरीर असतं. आणि ती बाई कोण, कोणत्या घरातली, कोणत्या जातीतली, यावर सगळं ठरतं.

काकाजी: आमच्या दंडारीत बाई नव्हतीच ना. मीच होतो बाई! पूर्व विदर्भातल्या खडीगंमतीतबी नाच्याच अस्ते. बाईले उघडं करून पैसा कमावला नाई आमी.

मी: म्हणूनच तुमची दंडार आणि तमाशा यांत मी फरक करते. तुम्ही लुगडं सोडलं आणि सकाळी वावरात गेलात. पुढे लग्न झालं, सरपंचाच्या शेजारी बसलात. तमाशातल्या बाईला असं लुगडं सोडून दुसरीकडे जाता येत नव्हतं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर घ्या. राष्ट्रपतींकडून सन्मान झाला तोही दोनदा. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या राहिल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, ही हकीकत महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. मला त्या हकीकतीतलं कौतुक कळत नाही. त्या रात्री तिकीट काढून आलेल्या माणसांनी 'बाई, आज राहू दे' का म्हटलं नाही, हा प्रश्न पडतो. 2002 साली त्या गेल्या, त्या पैशाच्या ओढाताणीतच. नंतर त्यांच्या नावाने राज्य सरकारने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर 'द वल्गॅरिटी ऑफ कास्ट' हे पुस्तक लिहिलं, 2022 साली आलं. दोन वर्षांनी त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्या पुस्तकाचा रोख हाच आहे की अश्लील कोणाला म्हणायचं हे जातीने ठरवलं. ज्यांनी नाचायला लावलं ते रसिक ठरले आणि जी नाचली ती वाईट चालीची. बरं, तुमच्या दंडारीत ढोलकी कोण वाजवायचं?

काकाजी: मांगवाड्यातला एक होता. त्याच्यासारका हात मी पुन्हा पायला नाई.

मी: दंडार झाल्यावर पंगत बसायची. तो कुठे जेवायचा?

काकाजी: वेगळा. आंगनाच्या कडेले. खरं हाय पोरी, सावकाराले हासलो पन ते आमाले दिसलं नाई.

काकाजींनी हे मान्य केलं, पण मैदान सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला गाठलं.

काकाजी: रातभर इचार केला. तू म्हन्तं ते सारं मानलं. पन मंग इलाज काय? बंदी?

मी: बंदी नको. बंदीचा इतिहास आपल्याकडे आहे. स्वातंत्र्य मिळाल्याबरोबरच्या काळात मुंबई सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी आणली होती. यवतमाळ तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं, मुंबई राज्यात आपण 1956 साली गेलो, त्यामुळे तुमच्या गावापर्यंत तो हुकूम आला नसेल. तिकडे मात्र फड बसले आणि ज्यांचं पोट त्यावर होतं ते उपाशी राहिले. मग अटी घालून परवानगी मिळाली, वग आधी तपासून घ्यायचे वगैरे. ज्या बाईला वाचवायचं म्हणून बंदी घातली, तिचीच चूल आधी विझली.

काकाजी: आता आली लायनीवर! मी हेच म्हन्तो. सभ्य लोकं अंगाले लावून घेत नाईत, म्हनून मंग चावट गोष्ट बाजारात जाते. अन् बाजारात गेली का तिच्यातला सावकार गळून जाते, बाई तेवढी रायते.

काकाजींचं हे वाक्य या सगळ्या वादातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं. त्याला कोरियातला अगदी नेमका दाखला आहे, तो मी त्यांना सांगितला.

मी: पानसोरीच्या जुन्या बारा कथा होत्या. एकोणिसाव्या शतकात शिन जे-ह्यो नावाच्या जाणकाराने त्यातल्या सहा लिहून काढल्या. पाच आजही गायल्या जातात. सहावी ब्यॉन गांग-स्वेची. तिचं गाणं परंपरेतून तुटलं, कारण ती फार चावट. ऑंगन्यॉ नावाची बाई आहे, तिचे नवरे एकामागून एक मरतात, म्हणून दोन प्रांतांचे लोक मिळून तिला हाकलून देतात. गांग-स्वे हा दक्षिणेकडून भटकत आलेला आळशी, जुगारी गडी. खिंडीत दोघांची गाठ पडते, तिथेच लग्न लागतं. मग गावोगाव फिरतात. ती राबते, तो उडवतो. शेवटी जिरीसान डोंगरात येऊन राहतात. ती म्हणते, निदान सरपण तरी आण. हा जातो आणि गावाच्या वेशीवरचा राखणदार देवाचा खांबच उपटून आणतो, चुलीत घालतो.

काकाजी: देव जाळला?

मी: देव जाळला. मग देशभरातले असे सगळे खांब सभा भरवतात आणि ठरवून त्याच्या अंगात एकेक रोग सोडतात. तो उभ्या उभ्याच मरतो. प्रेत पुरायला जे येतात ते सगळे बाईकडे पाहून येतात आणि प्रेताला चिकटून बसतात.

काकाजी: (हसू आवरत नाही) ही तर आपली गोष्ट हाय! हे त आपल्या वेशीवर होऊ शकते.

मी: होऊ शकतं, कारण ती भूमिहीनांची गोष्ट आहे. ज्यांना कोणत्याच गावाने ठेवून घेतलं नाही अशी दोन माणसं, आणि वेशीचा देव त्यांच्या विरुद्ध. थंडीत सरपण नाही म्हणून वेशीची लाकडी आज्ञा जाळणारा माणूस! शेवटच्या राजघराण्याच्या काळात तिकडे शेती सुटलेली अशी माणसं रस्त्यावर होती, त्यांची ही कथा असं अभ्यासक म्हणतात. आता चित्रपटांनी काय केलं पाहा. 1980 साली चुन दू-ह्वान या लष्करशहाने सत्ता घेतली. सरकारविरुद्ध बोलणाऱ्या चित्रपटाला कात्री, आणि अंगप्रदर्शनाला मात्र सूट. जुन्या काळातल्या खेड्यात घडणाऱ्या चावट चित्रपटांची रांग लागली. 1986 साली 'ब्यॉन गांग-स्वे' आला, ली दे-गुन हा नट त्यात होता. गांग-स्वेचं नाव तिकडे मर्दानी ताकदीसाठीच घेतलं जाऊ लागलं. वेशीबाहेर हाकललेली बाई मागे पडली. गडी किती जोरकस, एवढंच उरलं. 2008 साली त्याच्या तारुण्यावर आणखी एक विनोदी चित्रपट आला, तोही त्याच वाटेने.

काकाजी: म्हंजे राजा म्हने, माह्यावर हासू नका, बाईवर हासा.

मी: हो. आणि त्याच वर्षांत तिथले कॉलेजातले विद्यार्थी जुनं मुखवट्याचं नाटक मैदानात करत होते. थालछुम. त्यात माल्तुगी नावाचा नोकर मालक-सरदारांची चारचौघांत अब्रू काढतो, भ्रष्ट भिक्षू बाईच्या मागे लागतो. तुमच्या सोंगाड्याचा सख्खा भाऊ. लष्कराविरुद्ध बोलायला विद्यार्थ्यांनी तेच रूप घेतलं. लोकपरंपरा तीच, काळ तोच. एकीकडे तिच्यातला नेम ठेवला, दुसरीकडे फक्त मांस.

काकाजी: दादा कोंडकेबद्दल काय म्हन्तं? ते बोल. मी 'सोंगाड्या' तीनदा पायला.

मला माहीत होतं की हा प्रश्न येणार. दादांवर बोलताना आपल्याकडे एक तर नाक मुरडतात, नाही तर आरती ओवाळतात. मला दोन्ही नको होतं.

मी: दादांना मी तमाशाच्या बाजूने पाहते. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' 1965 चं. कोतवाल मरतो, प्रधान आपल्या नात्यातल्या माणसाला ती जागा देतो. हवालदाराची बढती बुडते. मग हवालदार मैनेला हाताशी धरतो आणि ती कोतवालाला नादी लावून राजाचा छपरी पलंग चोरायला सांगते. चावटपणा भरपूर, पण प्रत्येक विनोदाच्या मुळाशी वशिल्याने मिळालेली नोकरी आहे. दादा त्यात रोजच्या राजकारणावर ऐन वेळी बोलायचे, म्हणून प्रयोग कधी शिळा झाला नाही. आणि मैना बघा, ती फसलेली नाही, फसवणारी आहे. 1971 चा 'सोंगाड्या' हा त्याच सबनीसांचा. भोळा नाम्या तमाशा बघायला जातो आणि स्वतःच उठून फडात घुसतो. खेड्यातल्या माणसाला पडद्यावर आपला चेहरा दिसला. दादरच्या चित्रपटगृहात त्याला जागा मिळेना, शिवसेनेने जोर लावावा लागला, हे प्रसिद्ध आहे. तिथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे.

काकाजी: अन् पुढं?

मी: पुढे द्व्यर्थी शीर्षक हाच माल झाला. शीर्षकावर गर्दी येते म्हटल्यावर कथेत कोतवालाची गरज उरली नाही. नायिकेला ओलं करायचं, आईला गोंधळात टाकायचं, आणि पुढचं गाणं. सेन्सॉरला दुसरा अर्थ सिद्ध करता येत नसे, ही दादांची हुशारी निर्विवाद. पण त्या हुशारीने शेवटी कोणाला बोचलं? सेन्सॉरच्या बाबूला. सावकार सुटला.

काकाजी: तुले आठवत नाई पोरी, आमी दिवसभर कापूस वेचून सिनेमाले जाओ. नुसतं हासू दे ना मानसाले! दर वेळी सावकार कायले पायजे?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि असावं असंही मला वाटत नाही. थकलेल्या माणसाचं निर्मळ हसू कोणी हिशेबात मांडू नये. पण काकाजींच्या वाक्यातला 'माणूस' दर वेळी पुरुषच असतो. म्हणून मी त्यांना आपल्याच जिल्ह्याकडे वळवलं.

मी: दिग्रस, पुसद, आर्णीकडे तांड्यावरची होळी पाहिली आहे ना?

काकाजी: पायली ना! लेंगी. बंजाऱ्याच्या बाया काय बोलतात, ऐकाले लाज वाटते.

मी: लाज तुम्हाला वाटते, त्यांना नाही. पुरुष एका बाजूने गातात, बाया दुसऱ्या बाजूने उलट सुनावतात. दिराची, नणदोईची, म्हाताऱ्याची, कोणाची गय नाही. त्या दिवशी बाईला बोलायची पूर्ण मुभा, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडे कोणी वाईट नजरेने पाहायचं नाही. आपल्या घरातल्या लग्नातही विहिणीला चिडवणारी गाणी आजी म्हणायची. ती आठवा, निम्मी छापता यायची नाहीत. आता झरी-जामणी, केळापूरकडे या. गोंड आणि कोलामांच्या दिवाळीतल्या दंडारीत घुसाडी येतो, डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा मुकुट, अंगाला राख, आणि कोणाचीही थट्टा करायला मोकळा. आपल्याकडे चावटपणाला वेळ, जागा आणि पाळी होती. बाईची पाळीही होती. चित्रपटात ती पाळी गेली. कॅमेरा बाईकडे बघतो, बाई उलट बोलत नाही.

काकाजी: त्या कोरियाच्या सिनेमात बोलते का?

मी: 'बांगजाजॉन'मध्ये थोडी बोलते. चो यॉ-जॉंगने केलेली चुनह्यांग आपला फायदा कळणारी आहे, नोकराशी प्रेम आणि मालकाशी सौदा, दोन्ही उघड्या डोळ्यांनी करते. हीच नटी पुढे 'पॅरासाइट'मध्ये श्रीमंत घरची बाई झाली. पण शेवट आठवा. मालक तिला धबधब्यावरून ढकलतो, तिची बुद्धी लहान मुलासारखी होते, आणि बांगजा त्याची कहाणी ऐकणाऱ्या लेखकाला सांगतो की तिची गोष्ट तू गोड करून लिही. म्हणजे जगाला माहीत असलेली पतिव्रता ही त्या नोकराने मागून घेतलेली भेट. मला तो शेवट फार आवडला आणि तितकाच खुपलाही. चावट विनोदाने सुरू झालेली गोष्ट संपताना बोलतात दोन पुरुष, आणि बाई गप्प.

काकाजी: मले दुसरा आवडला, राजाचा. नातवानं काल लावून देल्ला.

'द किंग अँड द क्लाउन', 2005 च्या डिसेंबरमध्ये आलेला. तिकडे एक कोटीहून जास्त तिकिटं विकली गेली. भटक्या डोंबाऱ्यांची जोडी राजधानीत येते, राजा यॉनसान आणि त्याच्या रखेलीवर अचकट-विचकट सोंग करते, पकडली जाते. शर्त अशी पडते की राजा हसला तर जीव वाचेल.

काकाजी: त्यातला बाईचं काम करनारा पोट्टा पायला का? तोल, चाल, मान. मी तसाच होतो. राजासमोर सोंग करते अन् राजा हासत नाई, तवा माह्या पोटात गोळा आला. सावकार हासन का नाई, दर सालीच अशी धाकधूक राहे मले. हे तुमाले पुस्तकात भेटनार नाई. चावट बोलाले हिंमत लागते, पोरी. सभ्य बोलाले काय लागते?

मी: हे मात्र मी लिहून घेते.

काकाजी: घे लिहून. अन् हेबी लिही. 1973 ले यवतमाळले साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. लावन्या लिहिनारा मानूस! तवा कोनी म्हनलं का, हा चावट हाय?

मी: नाही म्हटलं. 'लोकशाहीर रामजोशी' हा 1947 चा चित्रपट, 'सांगत्ये ऐका' 1959 चा, दोन्हींसाठी गदिमांनी लावण्या लिहिल्या. तमाशाची गोडी त्यांनी मध्यमवर्गाच्या ओसरीपर्यंत आणली. आणि 2019 च्या यवतमाळच्या संमेलनाच्या अध्यक्ष अरुणा ढेरे, लोकसंस्कृतीच्या अभ्यासक. उद्घाटन आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी केलं, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर उभी राहिलेली बाई. त्यांनी 'तेरवं' या नाटकातही काम केलं, त्यात शेतकरी विधवाच रंगमंचावर उभ्या राहून आपली गोष्ट सांगतात. मला पुढची वाट तिथे दिसते. बाई स्वतः बोलायला उभी राहिली आहे.

काकाजी: बोलू दे. पन त्यायनं नुसतं रडावं का? सावकारावर, बँकेवर, व्यापाऱ्यावर त्यायनंबी चावट सोंग कराले पायजे. इधवेनं हासू नये, असं कोनी सांगलं? तिच्या तोंडून 'फाळ बोथट' निघन ना, त गाव खरं हासन!

मी गप्प राहिले. आठवडाभर मी बाईच्या बाजूने बोलत होते, आणि तिच्या हसण्याचा हक्क काकाजींनी मांडला होता.

आता या वादातून माझं जे मत बनलं ते सांगते. मकरंद अनासपुरेंचा 'गाढवाचं लग्न' 2007 साली आला तेव्हा लोकांनी गर्दी केली, कारण दादू इंदुरीकरांनी गाजवलेल्या त्या वगातला सावळ्या कुंभार आणि त्याची फटकळ गंगी लोकांना आपली वाटतात. शापाने गाढव झालेला गंधर्व, कुंभार, राजकन्या, असा ऐवज आपल्याकडे पोत्याने आहे. कोरियाने 1962 साली लोककलांच्या जतनाचा कायदा केला, 1964 मध्ये पानसोरीला त्यात घेतलं, गुरूंना शिकवण्यासाठी मानधन दिलं. पण ब्यॉन गांग-स्वेचं गाणं त्याआधीच तुटलं होतं, कारण परंपरा जपणाऱ्यांनाही सोवळं सुटलं नव्हतं; पोथी तेवढी उरली. आपल्याकडे तर पोथीही नाही. काकाजींच्या दंडारीचा एकही संवाद कोणी कागदावर उतरवला नव्हता. सरकारी महोत्सवात दंडार येते ती दहा मिनिटांचा नाच म्हणून, सोंगं कापून. त्यात सावकार नसतो.

म्हणून यवतमाळ, वणी, मारेगाव, झरी-जामणी, केळापूर, दिग्रस, पुसदच्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात दंडारीत नाचलेले, सोंग केलेले, लेंगी म्हटलेले कोणी असतील, तर त्यांच्यासमोर फोन ठेवा, त्यांची परवानगी घ्या आणि बोलतं करा. चावट वाक्य गाळू नका. सोंग कोणाचं होतं, तो माणूस समोर बसला होता का, ढोलकी कोणाच्या हातात होती, त्याला जेवायला कुठे वाढलं, हे विचारा. आजींना वेगळं बसवून विचारा, पुरुष खोलीत असताना त्या सांगणार नाहीत. काकाजींचा सावकाराचा प्रवेश मी शब्दशः उतरवून ठेवला आहे. त्यात मालकिणीचं उत्तर नाही. कोणत्याही गावच्या दंडारीत ती उठून बोलल्याचं तुमच्यापैकी कोणाला आठवत असेल, तर ते सगळ्यात आधी लिहून काढा.